भुतांना जेवायला बोलावलंय, मेनू सुचवा

मेथांबा

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला गेले की त्याच्या पुढच्या शनिवारी आमच्याकडे रात्रीचं जेवण आहे. नणंद सहकुटुंब, शेजारचे तिघं, नवऱ्याचे दोन मित्र बायकामुलांसह, आणि आम्ही घरचे. पंधराच्या आसपास पानं होतील. मुलांनी परस्पर जाहीर करून टाकलंय की जेवण 'भुतांचं' असणार. सोसायटीत मागे हॅलोवीन झालं तेव्हा केकवर प्लास्टिकचा कोळी बसवला होता आणि पुढे तेच नेहमीचं पनीर. लेकीचं म्हणणं, तसलं फसवं नको.

मला स्वतःला आपली भुतं हवीत. हडळ, मुंजा, खवीस, समंध, झोटिंग, चकवा अशी एवढी जनता गावात असताना ड्रॅक्युलाला बाहेरून कशाला बोलवायचं? आणि पदार्थही शक्यतो आपलेच. बाटलीतले रंग वापरणार नाही. सासूबाई शाकाहारी आहेत, कवळी लावतात, म्हणजे कडक काही चालणार नाही. बाकी बरेच जण मासे-मटण खाणारे. मुलं पाच ते अकरा वर्षांची, त्यातली दोन भित्री. आणि मुख्य म्हणजे चव. बघायला गंमत आणि खायला शिक्षा असं नको.

सुचवा भराभर.

बंडू_बोले

नणंद येतेय म्हणता. मग वेगळी तयारी कशाला?

मेथांबा

बंडू, हळू बोला. ती इथे असते.

पाटावरवंटा

वाचलं हं बंडूभाऊ. वहिनी, मी येताना काय आणू? केस मोकळे सोडून येतेच आहे.

बंडू_बोले

अगागागा. माफी असावी ताई. दिवे घ्या, म्हणजे 'लाइट' घ्या, गंमत होती.

अण्णा_बार्शीकर

हुलग्याचे शेंगोळे करा. विषय संपला.

खडीसाखर

अण्णा, संपवू नका, नीट सांगा. आमच्याकडे शेंगोळे कुणी बघितलेले नाहीत.

अण्णा_बार्शीकर

बरं. हुलगे म्हणजे तुमचे कुळीथ. दोन वाट्या हुलग्याचं पीठ, त्यात अर्धी वाटी कणीक, म्हणजे तुटत नाहीत. लसूण, जिरं, हिरवी मिरची यांचं वाटण, हळद, मीठ. घट्ट मळायचं. हाताला तेल लावून तळहातावर करंगळीएवढे वळायचे. एरवी आम्ही त्यांचं वेटोळं करतो. तुम्ही सरळच ठेवा, एक टोक निमुळतं करा आणि सुरीच्या पाठीने दोन ठिकाणी आडव्या रेघा ओढा. झाली पेरं. आता ते बोट आहे.

पातेल्यात लसणाची सढळ फोडणी, तिखट, भरपूर पाणी. खळखळून उकळलं की एकेक बोट सोडायचं. सगळी एकदम टाकलीत तर गोळा होईल. झाकण अर्धवट ठेवून वीसेक मिनिटं. मळलेल्यातलं चिमूटभर पीठ पाण्यात कालवून वरून घातलं की रस्सा दाट होतो. रंग मुळातच मातकट करडा असतो, तुम्हाला काही करावं लागत नाही. नखासाठी भिजवून सोललेला बदाम उभा चिरा, पण तो वाढताना टोकाला खोचा. आधी लावलात तर नखं रश्श्यात पोहत बसतील.

सासूबाईंना चालतील, मऊ असतात. नखं मात्र काढून वाढा.

खडीसाखर

मुलं कुळीथ खातील?

अण्णा_बार्शीकर

कुळीथ नाही खाणार. बोट खातील.

शंकासुर

मला एक कळत नाही. हे परदेशी थेर आपण का उचलतो? आपल्याकडे पितृपक्ष आहे, सर्वपित्री आहे. गेलेल्या माणसांची आठवण कशी काढायची याची रीत आपल्याला पूर्वजांनी लावून दिलीय. त्यांच्यासाठी आपण पान वाढतो, त्यांना 'भूत' म्हणून हसत नाही. बाकी चालू द्या.

जर्सीवाली

शंकासुर, हे सण असेच फिरत असतात हो. भोपळा कोरायची चाल मूळची अमेरिकेची नाहीच. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. माणसं अमेरिकेत आली, इथे भोपळा आयता मोठा आणि कोरायला सोपा मिळाला, तर भोपळा झाला. उद्या मेथांबाने दुधी कोरला तर तीही परंपराच.

रच्याकने (म्हणजे 'बाय द वे'), परदेशातल्यांसाठी एक सूचना. दारात कोरून ठेवायला जे मोठे नारिंगी भोपळे मिळतात त्यांचे घारगे करू नका. पाणचट असतात, गर तंतुमय, गोडी शून्य. गुळाचं पाक पाक होतं आणि पीठ ओढून ओढून घारगा चिवट. घारग्यांना छोटा पाय पम्पकिन किंवा बटरनट आणा. भारतातल्यांना ही अडचण नाही, तुमचा लाल भोपळा आहेच. घारगा थापून तळायच्या आधी बाटलीच्या झाकणाने दोन डोळे आणि सुरीने तोंड कापा. कापलेलं असल्यामुळे फुगत नाही, पण चेहरा सुरेख येतो. फुगलेले हवे असतील त्यांच्यासाठी वेगळे तळा.

चौदावा_दिवा

माझं सासर बंगाली, म्हणून हे लिहितेय. त्यांच्याकडे कालीपूजेच्या आदल्या दिवशी भूत चतुर्दशी असते. चौदा पूर्वजांसाठी चौदा दिवे लावतात आणि चौदा प्रकारच्या पालेभाज्या एकत्र करून खातात, चोद्दो शाक. म्हणजे आपली नरक चतुर्दशी असते त्याच सुमाराला. पूर्वज, भुतं आणि जेवण हे सगळं एका ताटात बसवलेलं आहे आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. सासूबाई दिवे लावता लावता नातवंडांना भुताच्या गोष्टी सांगायच्या, पेत्नी, शाकचुन्नी, ब्रह्मदैत्य. ब्रह्मदैत्य म्हणजे आपला ब्रह्मसमंधच, धोतर-जानव्यासकट.

मेथांबा, मिश्र पालेभाजी हा पदार्थ घ्या. गडद हिरवी, घोटलेली, मऊ. 'स्मशानातलं गवत' म्हणून वाढा. कवळीचा प्रश्न मिटला.

शंकासुर

हे माहीत नव्हतं. ठीक. पण सर्वपित्रीचा मुद्दा मी मागे घेत नाही.

मेथांबा

शंकासुर, तुमचं म्हणणं पटतंय. आमच्या पितरांना मी यात आणणारच नाही. गावाबाहेरच्या बेवारस भुतांपुरतंच आमंत्रण आहे.

तिरफळ

मी वेंगुर्ल्याकडचा. वेताळाला मेनूत घेऊ नका ही विनंती. आमच्या आरवलीचा वेतोबा हे भूत नव्हे, देव. रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. केळ्यांचे घड वाहतात. गोव्यातही बेताळाची देवळं आहेत. त्याच्या नावाने कुणी खीर करून त्यात डोळे पोहायला सोडले तर आमच्याकडच्या कुणालाच आवडणार नाही.

बाकी हडळ, खवीस खुशाल वाढा.

आता पदार्थ. कोकणाने रक्त तयारच ठेवलंय तुमच्यासाठी: सोलकढी. पण नेहमीसारखी गुलाबी नका करू. नारळाचं दूध वेगळं, आगळ (कोकमाचा दाट रस) वेगळं. काचेच्या छोट्या पेल्यात आधी थंडगार दूध ओता (लसूण-मिरची-मीठ वाटून गाळलेलं) आणि वाढताना वरून चमचाभर आगळ सावकाश सोडा. लालभडक धागे खाली उतरताना दिसतात. सगळं मिसळेपर्यंत अर्धा मिनिट तरी मुलांची बोलती बंद. फक्त गरम काही करू नका, फुटेल. आणि आगळात मीठ असतं, दुधात बेतानं घाला.

रंकाळ्याचा_रंक्या

रक्तच पाहिजे तर कोल्हापूरला विसरून चालतंय होय? तांबडा रस्सा म्हणजे रक्त, पांढरा रस्सा म्हणजे भूत. दोन्ही एकाच ताटात. आम्ही वर्षभर हेच खातो, आमच्याकडं कुणी घाबरत नाही.

सावजी_नागपूर

पांढरं भूत पोरांसाठी ठीक आहे. आमच्या नागपूरचा सावजी रस्सा वाढा, पाहुणेच किंचाळतात. वेगळे आवाज लावायला नको.

बंडू_बोले

सुरू झाली जिल्हा परिषद.

झिंगालाला

हे सगळं फारच सोज्वळ चाललंय. जरा किळस आली पाहिजे ना. मी मागे मित्रांसाठी केलं होतं: शेवयांचा उपमा बिटाच्या पाण्यात, 'आतडी'. फ्लॉवरचा आख्खा गड्डा वाफवून वर टोमॅटोची ग्रेव्ही, 'मेंदू'. पाण्यात फुगवलेला सब्जा, 'बेडकाची अंडी'. आणि कमोडच्या आकाराच्या भांड्यात चॉकलेट मूस. लोक हसून हसून मेले.

रसिका_डोंबिवली

खाल्लं का पण?

झिंगालाला

मूस कुणी खाल्लं नाही. बाकी थोडंफार.

रसिका_डोंबिवली

तेच. आपल्या रसशास्त्रात हा घोळ कधीच निस्तरून ठेवलाय. भयानक वेगळा रस, बीभत्स वेगळा. भयानकाचा स्थायीभाव भय, बीभत्साचा जुगुप्सा. भीतीने माणसं जवळ सरकून बसतात, हसतात, आणि हसली की भूक लागते. किळस आली की घास तोंडाशी येऊन थांबतो. ताटातून कमोड वाढणं हा शुद्ध बीभत्स. अण्णांचं बोट सीमेवर आहे, पण चालून जाईल, कारण लसणाच्या फोडणीचा वास आधी येतो आणि बोट नंतर दिसतं.

तेव्हा मेथांबा, माझं मत: भीती खोलीत ठेवा, नावात ठेवा, उजेडात ठेवा. ताटात फक्त गंमत ठेवा. वास नेहमी आवडीच्या जेवणाचाच यायला हवा.

झिंगालाला

बाई, पंधरा माणसांचं जेवण आहे, पीएचडी नाही.

रसिका_डोंबिवली

मूस कुणी खाल्लं नाही हे तुम्हीच लिहिलंत.

साळकाई

रसिकाला +१. पण 'मेंदू' मात्र मला आवडला. आख्खा फ्लॉवर आधी हळद-मिठाच्या पाण्यात वाफवून, वर दही-काजूचं वाटण लावून भाजला तर खरंच झकास लागतो. मेंदू न म्हणता 'मास्तरांचं डोकं' म्हणा. मुलं तुटून पडतील.

डॉक्टर_आळशी

पांढरा कोट घालून तीन गोष्टी सांगतो, मग गप्प बसतो.

एक, बीट. ज्या घरात 'रक्त' म्हणून बीट पोटभर वाढाल, त्या घरातल्या एखाद-दोघांना दुसऱ्या दिवशी सकाळी संडास-बाथरूममध्ये लाल दिसेल. काही जणांच्या शरीरात तो रंग मोडत नाही, निरुपद्रवी आहे. पण पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रविवारी सकाळी मला फोन येतात. खरी भीती तेव्हाच वाटते लोकांना.

दोन, काळा रंग यावा म्हणून चारकोल पावडर घातलेले बन आणि आइस्क्रीम हल्ली मिळतं. सक्रिय कोळसा औषधं शोषून घेतो, विषबाधेत त्यासाठीच देतात. ज्येष्ठांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, मुलींच्या थायरॉइडच्या गोळ्या यांच्या जोडीला तो नको. काळं हवं असेल तर काळे तीळ, काळा तांदूळ, उडीद.

तीन, ड्राय आइस. उणे ७८ अंशांचा असतो. पेयात टाकलेला तुकडा कुणी गिळला तर तोंड-अन्ननलिका भाजते, बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो. मुलं असलेल्या घरात तर नकोच.

तिरफळ

मग धूर?

डॉक्टर_आळशी

दारात धुपाटणं ठेवा आजीचं. खोलीत नको, खिडकी उघडी ठेवा. किंवा पदार्थाला धुंगार द्या: पातेल्यात वाटी, वाटीत पेटता कोळसा, वर तुपाचा थेंब, झाकण. टेबलावर आणून झाकण उघडा. तेवढा धूर भुताला पुरतो.

बाराखडी_मास्तर

शाळेत विज्ञान शिकवतो. तुमच्या मेनूकार्डासाठी एक युक्ती देतो. आमच्या सहावीच्या पोरांना फार आवडते.

पिवळा कार्डपेपर घ्या. हळद पाण्यात घट्टसर कालवून ब्रशने त्यावर पदार्थांची नावं लिहा आणि वाळू द्या. पिवळ्यावर पिवळं, लांबून काही दिसत नाही. खायचा चुना पाण्यात ढवळून ठेवा, खाली बसला की वरची निवळी फवाऱ्याच्या बाटलीत भरा. पाहुणे बसले की कोऱ्या कार्डावर फवारा मारा. अक्षरं रक्तासारखी लाल उमटतात. हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो, आपलं जुन्या पद्धतीचं कुंकू याच तत्त्वावर करत. फवारा मोठ्यांनी मारायचा आणि डोळ्यांपासून लांब, चुना झोंबतो. नुसत्या खायच्या सोड्यानेही होतं, पण रंग नारिंगीकडे झुकतो.

आता खरी गंमत. त्याच लाल अक्षरांवर लिंबू चोळा. आम्ल लागलं की परत पिवळी, म्हणजे गायब. लिंबू फिरवलं की भूत उतरतं हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

असंच गोकर्णाचं. कुंपणावरची निळी फुलं, मूठभर, देठाकडचा हिरवा भाग काढून गरम पाण्यात टाका. त्या पाण्यात भात शिजवला की निळाशार होतो. चवीला काही फरक नाही. ताटात वाढल्यावर लिंबू पिळलं की जिथे रस पडेल तिथे जांभळा. लिंबाचं काम दोन्हीकडे तेच.

पाटावरवंटा

मास्तर, हे भारी आहे. वहिनी, लिंबं मी आणते. पिशवीभर.

खडीसाखर

लिंबावरून सुचलं. द्रोणात दहीभात, वर गुलाल, लिंबू, टाचण्या असा उताराच वाढला तर? दिसायला जबरदस्त.

सातव्या_मजल्यावरची

नको गं. आमच्या गावाला अजून तिठ्यावर अमावस्येला ते दिसतं. कामाला येणाऱ्या बाई ते ओलांडत नाहीत, लांबून वळसा घेतात. त्यांच्याच हातून पंधरा द्रोण भरून घेणार का आपण?

बंडू_बोले

शिवाय २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. (परत दिवे घ्या.) आणि टाचणी जेवणात? डॉक्टर, उठा.

खडीसाखर

बरं बाबांनो, मागे घेतला. नुसता दहीभात तरी ठेवा, शेवटी लागतोच.

लेमन_मेरिंग्यू

अहो, सतत 'दिवे घ्या, दिवे घ्या' वाचून आठवलं. आषाढातल्या दिव्यांच्या अवसेला आपण कणकेचे गोड दिवे करतोच की! गुळाच्या पाण्यात कणीक भिजवायची, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ, वेलची. दिव्याचा आकार द्यायचा, मोदकपात्रात पंधरा मिनिटं उकडायचे. खळग्यात तूप ओतून फुलवात लावायची. खोलीतले दिवे बंद करा आणि प्रत्येक ताटात एकेक पेटता दिवा येऊ द्या. जेवण संपत आलं की वात काढायची आणि दिवा तुपाबरोबर खाऊन टाकायचा. उजेड खाणारी माणसं. मऊ असतात, सासूबाईंना आवडतील. बाजरीचेही करतात, ते काळसर दिसतात, पण उकडताना तडकतात, थोडी कणीक मिसळा.

मुलांच्या केसांवर आणि ओढण्यांवर लक्ष ठेवा.

मेथांबा

हे मला का नाही सुचलं! नक्की.

कुर्ल्या_खाऊ

मांसाहारी कुणी बोललंच नाही अजून. खेकडे ठेवा. खेकड्यापेक्षा भीतीदायक ताट नसतं, नांग्या वर करून.

मत्स्यगंधा_अलिबाग

अंधारात खेकडे? आणि मुलांना? फोडून देत बसायला दोन माणसं लागतील. मेणबत्तीच्या उजेडात काट्यांचा मासा अजिबात वाढू नका, पापलेट-बोंबील वगैरे मनातही आणू नका. कोळंबी करा सोलून, किंवा मोरीचं मटण. मोरीला बारीक काटेच नसतात, मधली कूर्ची तेवढी बाजूला करायची. शिवाय मोरी म्हणजे शार्क. मुलांना सांगा, आज शार्क आपल्याला नाही, आपण शार्कला खाणार. वाटण भाजून भाजून काळपट करा, खोबरं आणि कांदा गडद तांबूस झाला पाहिजे, करपलेला नाही. करपला की कडू.

कुर्ल्या_खाऊ

मोरी मान्य. पण खेकड्याचा अपमान लक्षात ठेवीन.

अंडेबाज

लहान मुलांना अंडी चालत असतील तर हे करा. अंडी उकडा, गार करा, चमच्याच्या पाठीने हलके टोकून कवच सगळीकडून तडकवा पण सोलू नका. बिटाच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून रात्रभर फ्रिजमध्ये बुडवून ठेवा. सकाळी सोललं की पांढऱ्यावर लाल शिरांचं जाळं. दोन तुकडे न करता आख्खी ठेवा. कुणाचे डोळे हे तुम्ही ठरवा.

जर्सीवाली

शाकाहारी डोळे: रसगुल्ला पिळून मधोमध काळं मनुकं दाबायचं. दोन मिनिटांचं काम. पाच वर्षांच्यांना कापून द्या, आख्खा गोल घास घशात अडकतो. इथल्या मैत्रिणी टॉनिक वॉटरची जेली करतात, काळ्या दिव्याखाली, म्हणजे अतिनील दिव्याखाली, त्यातलं क्विनाइन निळं चमकतं. कडवट लागतं मात्र, साखर बरीच ओतावी लागते.

चौदावा_दिवा

जेलीसाठी चायना ग्रास वापरा, शाकाहारी आहे आणि फ्रिजबाहेरही आळते. कोकमाची करायची असेल तर चायना ग्रास पाण्यात पूर्ण विरघळवून गॅस बंद करा, मग आगळ घाला. दोन्ही एकत्र उकळलंत तर आंबटपणाने ती नीट धरत नाही.

काळ्या रंगासाठी मणिपूरचा काळा तांदूळ, चाक-हाओ. त्याची खीर जांभळट काळी होते, सुवासिक असते. रात्रभर भिजवा, साध्या तांदळाच्या वेळात शिजेल या भरवशावर राहू नका.

नुसता_वाचक

गेली सात वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. भूक लागली.

बंडू_बोले

स्वागत आहे. आयडी बदला आता.

शंकासुर

मेथांबा, मीही एक सुचवतो. नरक चतुर्दशीला आपण पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो आणि त्याचा कडू रस जिभेला लावतो. जेवणाच्या सुरुवातीला काहीतरी कडू ठेवा. कारल्याच्या तळलेल्या चकत्या, एकेक. ती खाल्ली की आत प्रवेश. राक्षस मारल्याशिवाय जेवण नाही.

मेथांबा

शंकासुर!! तुम्हीच?

शंकासुर

विरोध तत्त्वाला आहे. कारल्याला नाही.

मेथांबा

तर ठरलं, सगळ्यांचं ऐकून.

दारात धुपाटणं आणि कारल्याची चकती. टेबलावर कोरी पिवळी कार्डं, मास्तरांच्या निवळीने उमटवायची. मग सोलकढीचे पेले. मुख्य जेवणात अण्णांची बोटं, 'मास्तरांचं डोकं', गोकर्णाचा भात, पालेभाजी, मोरीचं काळं मटण (मोठ्यांसाठी) आणि शिरांची अंडी. भाकरी. शेवटी दहीभात. गोडात भोपळ्याचे चेहरे आणि कणकेचे दिवे. डोळे-रसगुल्ले नणंद करेल. चाक-हाओ इथल्या दुकानात मिळाला नाही म्हणून राहिला. वेतोबाला हात लावलेला नाही, तिरफळ, निश्चिंत राहा.

उकडीची भुतं करायचाही विचार आहे, मोदकाचीच उकड, हातांनी ओढून झगा, डोळ्यांना मिऱ्या. मुलं करतील.

तिरफळ

देव बरें करो. फोटो टाका.

पाटावरवंटा

वहिनी आवराआवर करून झोपल्यात, म्हणून वृत्तांत मी देते.

कारल्याच्या चकतीवर दारातच तंटा. नवऱ्याच्या मित्राने 'मला चालत नाही' म्हटलं, मुलांनी आत सोडलं नाही. खाल्ली. नंतर स्वतःहून आणखी मागितली, कुरकुरीत होत्या. कार्डांवरची अक्षरं उमटली तेव्हा मोठ्यांनीच जास्त आरडाओरडा केला. एका कार्डावर फवारा जास्त झाला आणि 'मास्तरांचं डोकं'चा लाल ओघळ खाली आला, तो तर ठरवूनही जमला नसता.

बोटं सगळ्यात आधी संपली. माझ्या धाकट्याने नखं बाजूला काढून ताटाच्या कडेला ओळीने मांडली आणि शेवटी मोजून खाल्ली. मोरीचं मटण चांगलंच झालं, पण वहिनींचं मत, खोबरं अजून भाजायला हवं होतं. माझं मत, नको. डोळे-रसगुल्ले उरले. दिसायला इतके खरे झाले होते की भित्री पोरं त्या ताटाकडे पाठ करून बसली. रसिकाताईंना कळवलेलं बरं.

खरी बहार आईने आणली. (म्हणजे वहिनींच्या सासूबाईंनी.) मुलांनी उकडीची भुतं आणून दाखवली, तर तिने चष्मा वर करून एकेक निरखलं आणि म्हणाली, "हडळ म्हणता, आणि पाय सरळ कसे? हडळीचे पाय उलटे असतात." मग उरलेली उकड घेऊन, तेलाचा हात लावून, तिने प्रत्येकीला चिमटीने टाचा पुढे आणि बोटं मागे अशी पावलं करून बसवली. मुंजाला शेंडी काढली, डोक्याचा गोटा गुळगुळीत केला. खविसाला हात आखूड आहेत म्हणून पुन्हा ओढायला लावले. अर्धा तास ताटं तशीच. मग विजेच्या दिव्याशिवायच्या त्यांच्या गावातल्या एका पिंपळाची हकिगत सुरू झाली, ती आमच्या कुणाच्याही बेतात नव्हती. मुलं तिच्या मांडीत.

तिने दोन दिवे खाल्ले. तुपासकट.

रसिका_डोंबिवली

रसगुल्ल्यांबद्दल मी काही बोलणार नाही.

झिंगालाला

बोललात.

अण्णा_बार्शीकर

बोटं आधी संपली. बस.

डॉक्टर_आळशी

बीट सांगून ठेवलं होतं ना पाहुण्यांना?

पाटावरवंटा

अंड्यांपुरतंच होतं, फोन येणार नाही.

कुर्ल्या_खाऊ

पुढच्या वेळी खेकडे.

सातव्या_मजल्यावरची

पिंपळाची हकिगत वेगळ्या धाग्यावर लिहा की कुणीतरी. अशी अर्धवट सोडू नका.

मेथांबा

सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, टंकायचं तुम्ही आणि सांगायचं मी, पण दिवसा नाही. म्हणजे रात्री बसावं लागणार.

सगळ्यांचे आभार. अण्णा, एक शंका: तुमच्या हिशोबाने पीठ भिजवलं, पण घरी दळलेलं पीठ नव्हतं, दुकानातलं हुलग्याचं पीठ फार बारीक आलं आणि बोटं जराशी चिकट झाली. काय करायचं?

अण्णा_बार्शीकर

हुलगे आणा, खमंग भाजा, गिरणीत जरा भरड दळून घ्या. आधी ज्वारी दळून झालेली असेल त्याच्यावर टाकायला सांगा, गव्हावर नको. आणि पाणी गरम घ्या मळताना.

खडीसाखर

अण्णा, भाजलेल्या हुलग्याचं पीठ किती दिवस टिकतं?

अण्णा_बार्शीकर

आमच्यात टिकत नाही. संपतं.